भांडी न घासणाऱ्या देवीच्या पायथ्याशी

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की घरोघरी एक बैठक भरते. विषय एकच : यंदा कुठे? बाबांना फार गाडी चालवायची नसते, मुलांना पाणी हवं असतं, आजीला पायऱ्या नको असतात आणि आईचं मत सगळ्यांत शेवटी विचारलं जातं. कुणी नैनितालचं नाव काढतं. पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या गाड्या बघता बघता भरतात. महाबळेश्वर सगळ्यांचं पाहून झालेलं असतं. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलेल्या वेण्णा तलावाकाठी मे महिन्यातल्या रविवारी पाण्यापेक्षा गाड्यांचे टप जास्त दिसतात. मग कुणीतरी भंडारदरा सुचवतं. डोंगर आहे, तलाव आहे, सकाळी निघून जेवायला पोहोचता येतं. बैठक बरखास्त.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं, सह्याद्रीच्या ऐन कण्याला टेकलेलं हे ठिकाण. मुंबईकर कसारा घाट चढून घोटीवरून आत वळतात, पुणेकर संगमनेर-अकोल्यावरून येतात आणि नाशिककर तर जेवायलासुद्धा येऊन जातात. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मुंबईच्या गाड्यांना इथला रस्ता आणखी सोपा झाला आहे. ज्याला पर्यटक भंडारदरा म्हणतात, तिथली राहण्या-जेवण्याची बरीचशी सोय शेंडी गावात आहे. एसटी तिथेच उतरवते, टपऱ्या तिथेच आहेत आणि खोल्यांची चौकशीही तिथेच करायची.

उन्हाळ्यात येणाऱ्या कुटुंबाने दोन गोष्टी आधीच समजून घेतलेल्या बऱ्या. पहिली उंचीची. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. भंडारदऱ्याचा तलाव काठोकाठ भरला तरी समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आतच असतो, म्हणजे जेमतेम अडीच हजार फूट. त्यामुळे मे महिन्यातली दुपार इथेही तापते. पहाट आणि रात्र मात्र सुखाची जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. खोलीच्या जाहिरातीत दिसतो तो तलाव बहुधा सप्टेंबरमधला असतो. मे महिन्यात पाणी बरंच खाली गेलेलं असतं आणि काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो. पाण्यात पाय बुडवायला मुलांना उतार तुडवत जावं लागतं. काही पालक तिथेच नाराज होतात. मुलं होत नाहीत. त्यांना चिखल मिळालेला असतो.

पाणी खाली जातं कारण तलाव खालच्या शेतीला पाणी देण्यासाठीच बांधला आहे. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण, आणि आर्थर हिल या अभियंत्याच्या नावावरून जलाशय आर्थर लेक. साधारण अकरा टीएमसी साठवण आणि ८२ मीटरच्या आसपास उंचीची दगडी भिंत, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. ही माहिती बहुतेक फलकांवर मिळते. १९६९ साली या भिंतीला तडे जाऊन गळती लागली होती आणि मागच्या बाजूने भक्कम टेकू बांधून ती सावरावी लागली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. खालच्या बागेत उभं राहून वर पाहिलं की भिंतीला पाठ देऊन उभे असलेले ते टेकू ओळखता येतात. ज्या अम्ब्रेला धबधब्यासाठी लोक या बागेत येतात, तो धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो. गोल खडकावरून पसरत पडणारं पाणी छत्रीसारखं दिसतं म्हणून ते नाव. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, सुरू आहे का, हे शेंडीतल्या चहावाल्याला विचारावं. त्याला ते ठाऊक असतं.

गव्हर्नर आणि अभियंता यांच्या नावांत या भागाचं आपलं नाव मागे पडतं. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे महादेव कोळी समाजाचे राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. सुट्टीची गर्दी ऐन भरात असते तेव्हाच हा दिवस येतो.

पाणी पुरेसं असेल तर शेंडीहून रतनवाडीला होडीने जाता येतं. रस्ताही आहे, तलावाला वळसा घालून. पण होडीतून समोर रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं आरपार भोक, म्हणजे नेढं, हळूहळू मोठं होत जाताना दिसतं. आजीला गड चढायचा नसला तरी अमृतेश्वराच्या देवळापर्यंत चालता येतं. भूमिज शैलीचं शिखर, कोरीव खांब, शेजारी देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी. बांधणाऱ्याचं नाव विचारलं की शिलाहार राजा झंज याचं नाव सांगितलं जातं. नद्यांच्या उगमापाशी त्याने बारा शिवालयं उभारली, अशी कथा आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडते. उन्हाळ्यात ती कोरडी असते आणि दगड थंडगार. दुपारी बाराला सगळ्या परिसरात त्या मंडपाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

तरीही भंडारदऱ्यात नजर पुन्हा पुन्हा जाते ती उत्तरेकडे, कळसूबाईकडे. १,६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढायला तीनेक तास लागतात. वाटेत उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या बसवल्या आहेत आणि माथ्यावर एक लहानसं देऊळ आहे. नवरात्रात जत्रा भरते. मे महिन्यात चढायचं तर पहाटे अंधारातच निघावं लागतं, नऊनंतर खडक तापतो. वाटेवर झोपडी टाकून ताक आणि लिंबू सरबत विकणाऱ्या बायका सगळं सामान डोक्यावरून वर आणतात. दर ऐकून कुरकुरणाऱ्याने रिकाम्या हाताने आपण किती वेळा थांबलो ते मोजावं.

या डोंगराची कथा पायथ्याच्या गावांत कुणालाही विचारावी. कळसू नावाची कोळ्याची पोर इंदोरे गावात आली आणि पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. पाटलाने मान्य केलं. पुढे एकदा घरी पाहुणे आले, भांड्यांचा ढीग पडला आणि कळसूला तेच काम करायला लावलं. तिने ते केलं आणि मग ती डोंगरावर निघून गेली, पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला ती काळदरा, असं लोक आजही दाखवतात.

आपल्याकडच्या देवींच्या कथांत राक्षस असतो, युद्ध असतं, वरदान असतं. इथे काहीच नाही. दिलेला शब्द मोडला, म्हणून घर सोडलेली एक कामकरी मुलगी आहे, आणि साऱ्या महाराष्ट्रात तिच्याहून उंच जागा कुणाची नाही. सांगणाऱ्याप्रमाणे तपशील बदलतात. कुणी तिला लहान पोर करतं, कुणी लग्नाच्या वयाची; कुणाच्या सांगण्यात पाटील वाईट असतो, कुणाच्या सांगण्यात नुसता विसराळू. अट मात्र कधी बदलत नाही. ऐकायला बसलेल्या कुटुंबात इथे हमखास हशा पिकतो आणि बाबा लोक घड्याळ बघतात.

कारण सुट्टी नक्की कुणाची, हा प्रश्न बैठकीत कुणी काढलेला नसतो. स्वयंपाकघरासकट बंगला घेतला की स्वयंपाकघरही सुट्टीला सोबत येतं. पोह्यांची तयारी, संध्याकाळच्या खिचडीचे डाळ-तांदूळ, मुलांचे डबे असं सगळं गाडीत भरून आणणारी घरं कमी नाहीत. भंडारदऱ्यात त्याची गरज नाही. एमटीडीसीच्या निवासात आणि हॉटेलांत खानावळ असतेच, पण घरगुती राहण्याच्या जागा वाढल्यापासून चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात आधी सांगून ठेवला की ताटात येतो. करवंदं आणि जांभळं रस्त्याकडेला पानांच्या द्रोणांत मिळतात. कळसूच्या अटीवर जगायचं असेल तर हीच सोय घ्यावी. मात्र त्या घराच्या मागच्या अंगणात राखेने ताटं घासत बसलेली बाईही कळसूच्याच गावची असते, आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांवर पिण्याचं पाणी हंड्यांनी आणावं लागतं. धरण उशाशी असूनही. दर तासाला आंघोळ करणाऱ्या पाहुण्यांना हे कुणी तोंडावर सांगत नाही.

सुट्टी मे महिन्याच्या अखेरीस घेता आली तर एक गोष्ट मिळते जी नैनितालला मिळणार नाही. वळिवाच्या सरी पडून गेल्या की जूनच्या मध्यापर्यंत रतनवाडी, घाटघर, पांजरे, मुरशेत, उडदावणे या पट्ट्यातली झाडं काजव्यांनी भरतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात लुकलुकतात. ही नरांनी मादीला दिलेली हाक असते आणि त्यांचं प्रौढ आयुष्य मोजक्या दिवसांचं असतं. मादीने तो उजेड पाहिला नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे नाहीत. नेमकं त्याच वेळी झाडाखाली गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि कुणाच्या तरी गाडीतली गाणी सुरू असतात.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. वनखात्याने काजव्यांच्या दिवसांत शुल्क आणि वेळेची बंधनं आणली, ते योग्यच झालं. पण शनिवारच्या रात्री अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की बंधनं कागदावर राहतात. तलावाकाठी तंबूंच्या ओळी वाढल्या आहेत. त्यांनी गावातल्या तरुणांना रोजगार दिला आणि सकाळी काठावर बाटल्याही ठेवल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे येऊन गेलेली माणसं ती शांतता आठवून हळहळतात. त्यांना तेव्हा चहासाठीही शेंडीपर्यंत चालावं लागलं होतं, हे ती विसरतात. मुलांना काजवे दाखवायचेच असतील तर मंगळवार-बुधवार निवडावा, गाडी गावात उभी करावी आणि गावातला वाटाड्या घेऊन पायी जावं. पैसे गावात राहतात, अंधारही राहतो.

परत जाताना घाई नसेल तर आल्या रस्त्याने जाऊ नये. प्रवरेच्या सोबतीने अकोल्याकडे उतरावं. वाटेत रंधा धबधबा लागतो. आवर्तन नसेल तर तिथे फक्त खोल, काळी घळ दिसते आणि तीही पाहण्यासारखी आहे. पुढे निळवंडे धरण. त्याच्या कालव्यांत पाणी यायला २०२३ साल उजाडलं, तोवर वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली. अकोल्यात नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. अकोल्याच्या बाजारात काळभात किंवा वरई मिळाली तर घ्यावी. शहरातल्या दुकानात तिचा भाव दुप्पट असतो.

त्यानंतर डोंगर मागे पडतात आणि संगमनेरच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. मागच्या सीटवरून प्रश्न येतोच, की तलावात पाणी इतकं कमी का होतं? बाबांनी गाडी कडेला घ्यावी आणि कालवा दाखवावा.