लाख घडविणारा परोपजीवी कीटक

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात आहेत. तेथून कांकेरच्या दिशेने गेल्यास कुसुम व पळस या वृक्षांची वने लागतात. त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा एक परोपजीवी कीटक वस्ती करतो. त्याच्या शरीरातून पाझरणारी राळ म्हणजेच लाख होय. झारखंड व छत्तीसगड ही लाखेच्या उत्पादनातील अग्रणी राज्ये असून महाराष्ट्रातील गोंदिया व गडचिरोली या सीमावर्ती जिल्ह्यांतही लाख गोळा केली जाते.

महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वपरिचित आहे. या कीटकाचे शास्त्रीय वर्णन मात्र पाटण्याच्या जेम्स केर यांनी १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. 'केरिया लॅक्का' या त्याच्या शास्त्रीय नावात केर यांचेच नाव आहे.

अंड्यातून बाहेर पडलेली लालसर पिल्ले फांदीवर शेकडोंच्या संख्येने रांगू लागतात. संपूर्ण आयुष्यातील त्यांचा प्रवास बहुधा एवढाच. कोवळी साल सापडताच पिल्लू आपली सूक्ष्म सोंड तीत खुपसते आणि झाडाचा अन्नरस शोषू लागते. एक-दोन दिवसांतच अंगातून राळ पाझरू लागते व पिल्लाभोवती तिचे कवच तयार होते. पहिली कात टाकल्यावर पाय, डोळे आणि स्पर्शिकाही नाहीशा होतात.

नराला पुढे पाय फुटतात, काहींना पंखही येतात. कवचातून बाहेर पडलेला नर तीन-चार दिवसच जगतो. त्या अवधीत तो मादीशी मीलन करतो आणि मरतो. मादी जागची कधीच हलत नाही. फलनानंतर तिचा आकार झपाट्याने वाढतो व बहुतांश लाख तीच निर्माण करते. तिच्या कवचाला तीन सूक्ष्म छिद्रे असतात. दोन श्वसनासाठी आणि एक उत्सर्जनासाठी. ती बुजू नयेत म्हणून त्यांतून पांढरे मेणचट तंतू बाहेर येतात. फांदीवर असे पांढरे तंतू दिसले की आतील कीटक जिवंत आहे, हे जाणकार शेतकरी ओळखतो. उत्सर्जित गोड द्रवासाठी मुंग्याही तेथे गर्दी करतात. मादी अखेरीस शेकडो अंडी घालून त्याच कोठडीत प्राण सोडते.

इतके भक्कम कवच असूनही हा कीटक सुरक्षित नाही. काही पतंगांच्या अळ्या कवच पोखरून त्याला खातात व पिकाचे मोठे नुकसान करतात. त्याहून विलक्षण शत्रू म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातील काही अतिसूक्ष्म कीटक. ते लाखेच्या कीटकाच्याच शरीरात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्याला आतून खाऊन वाढतात. झाडाच्या जिवावर जगणाऱ्या परोपजीवीवर जगणारा हा दुसरा परोपजीवी!

या कीटकाचे दोन प्रकार आहेत. पळस व बोरीवर वाढणारा 'रंगीनी' आणि कुसुमावर वाढणारा 'कुसमी'. दोन्हींची वर्षातून दोन पिके येतात. कुसमी लाख अधिक फिकी व उत्तम प्रतीची असल्याने तिला भावही चांगला मिळतो. लाखेचा लाल रंग एकेकाळी फार मोलाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांनी त्याची बाजारपेठ हिरावून घेतली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत, तिथे पुढे प्लास्टिक आले. तरीही औषधी गोळ्यांवरील आवरण, लाकडावरील पॉलिश, फळांवरील लेप आणि बांगड्या यांसाठी लाखेला आजही मागणी आहे.

वनवासी कुटुंबांसाठी खरी अडचण बियाण्याची असते. लाखेचे बी म्हणजे पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या मादींनी भरलेली फांदी. तिचे तुकडे नव्या झाडांना बांधावे लागतात. पळसावरील बैसाखी पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन जून-जुलैमध्ये पक्व होते, म्हणजे संपूर्ण उन्हाळा त्याला झाडावरच काढावा लागतो. मे महिन्याच्या उष्म्याने कीटक मोठ्या प्रमाणावर मरतात. पीक हातचे जाईल या भीतीने, अथवा पैशाची निकड असल्याने, अनेक जण कच्ची लाखच कापून विकतात. तिला 'अरी' म्हणतात. परिणामी पावसाळी कातकी पिकासाठी बियाणे उरत नाही आणि ते चढ्या दराने विकत घ्यावे लागते. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये सुरू केलेल्या वनोपजांच्या किमान आधारभूत किंमत योजनेत लाखेचा समावेश असला, तरी हा प्रश्न केवळ भावाने सुटणारा नाही.

यासाठी रांची येथील लाख संशोधन संस्थेने सुचविलेले उपाय साधे आहेत. सर्व झाडांवर एकाच वेळी पीक न घेता काहींना विश्रांती द्यावी. कुसुमाच्या छाटलेल्या झाडाला तर सुमारे दीड वर्ष लागते. बियाण्याच्या काड्या बारीक नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून झाडाला बांधाव्यात. लाखेची पिल्ले त्या जाळीतून सहज बाहेर पडतात, शत्रू पतंग मात्र आतच अडकतात. पिल्ले निघून गेल्यावर, साधारण तीन आठवड्यांत, या रिकाम्या काड्या झाडावरून उतरवून घ्याव्या लागतात.