या हाताचे त्या हाताला

अकोल्याहून दक्षिणेला निघालेली सडक पातूरला पोचते आणि तेथून घाट चढू लागते. पातूरला टेकडीवर रेणुकामातेचे देऊळ आहे, शेख बाबूंचा दर्गा आहे आणि खडकात कोरलेली प्राचीन लेणीही आहेत. घाट संपला की मेडशी, मालेगाव आणि मग वाशिम. आज वाशिम हा निराळा जिल्हा असला, तरी १९९८ पर्यंत तो अकोला जिल्ह्यातच मोडत असे.

याच वाशिमला १९३८ साली एका रिकाम्या पडलेल्या जुन्या शाळेच्या इमारतीत इस्पितळ सुरू झाले. नाझरीन पंथाच्या ख्रिस्ती मिशनचे हे रेनॉल्ड्स मेमोरिअल हॉस्पिटल. ते उभे करणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अमेरिकेहून आल्या होत्या. त्या काळी खेड्यातली बाई अडली, तर सुईण, बैलगाडी आणि देव एवढाच आधार! डॉक्टरीणबाई या मुलुखात राहिल्या त्या थेट १९७६ पर्यंत. चाळीस वर्षे! उत्साहाच्या भरात माणूस चार महिने सेवा करील. चाळीस उन्हाळे वऱ्हाडात काढायला निराळीच माया लागते.

पुढे याच इस्पितळात डॉ. एव्हलिन विटहॉफ आल्या. त्यांची कहाणी तर ऐकण्याजोगी आहे. हिंदुस्थानाकडे निघालेल्या या बाई १९४१ च्या अखेरीस वाटेत मनिला येथे अडकल्या. जपान्यांनी शहर घेतले आणि सांतो तोमासच्या छावणीत त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ बंदिवास घडला. १९४५ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. एवढे सोसल्यावर कोणीही कायमचे घर गाठले असते. बाईंनी मात्र पुन्हा हिंदुस्थानची वाट धरली. ज्यांची नावेगावे ठाऊक नाहीत, अशा माणसांना दिलेला शब्द त्यांनी पाळला.

यावर चोखंदळ वाचक विचारतील, "पण या सेवेच्या पोटी धर्मप्रसाराचा हेतू नव्हता का?" प्रश्न रास्त आहे आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले! १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद खोटा नव्हता. परंतु तीनच वर्षांनी मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा याच बाई तिकडे धावल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्नाबरोबर अक्षर मिळाले आणि हाताला काम मिळाले. त्यांच्या मतांशी आपण सहमत असू वा नसू. त्या मुली वाचल्या, हे तर कोणालाही नाकारता येणार नाही.

मग खरी दया ओळखावी कशी? येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत याचे उत्तर सापडते. घाटवाटेवर लुटारूंनी एका वाटसरूला अर्धमेला करून टाकले. धर्मकर्मात मोठे म्हणवणारे दोघे त्याला पाहून बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्यांचा विटाळ मानीत त्या जमातीतला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेले, दोन नाणी दिली आणि "जास्त लागले तर परत येताना देईन," असे सांगितले. त्याने ना जात विचारली, ना आभाराची वाट पाहिली. दुसऱ्याकडून काहीच मिळायचे नसताना जी टिकते, ती दया खरी. ख्रिस्ती माणसाने स्वतःला लावायची कसोटी हीच. आणि आपण सर्वांनीही.

कारण दया ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. याच वऱ्हाडात, अमरावतीच्या तपोवनात, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांना हक्काचे घर दिले. ज्यांना आप्तांनी टाकले, त्यांना त्यांनी जवळ घेतले.

आपल्यापैकी प्रत्येकाला इस्पितळ काढता येणार नाही. पण दिवाळीत मोलकरणीच्या हाती फराळ देताना तो ताजा आहे की उरलासुरला, हे तर पाहता येईल? शेजारच्या खोलीतील एकट्या म्हातारबुवांपाशी घटकाभर बसता येईल? आणि बसून आल्यावर चारचौघांत त्याचा पाढा न वाचणे, हे जमेल? या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपल्या आज्या सांगत. येशूचा उपदेशही नेमका हाच. दोन वेगळ्या घरांतून एकच शिकवण यावी, यातच तिचा खरेपणा आहे.