जुहूची वाळू

सुटीच्या दिवशी सायंकाळी जुहूच्या चौपाटीवर पाय ठेवण्यास जागा मिळणे कठीण. भेळेच्या गाड्यांभोवती माणसांची दाटी असते, मुले ओल्या वाळूचे किल्ले रचीत असतात. हाच किनारा एके काळी जवळजवळ निर्जन होता, असे सांगितले तर तेथे कोणाला खरे वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या पश्चिमेस असलेले एक चिंचोळे, वाळूचे बेट होते. ओहोटी लागली म्हणजे माणसे मधले उथळ पाणी तुडवीत पलीकडे जात. कोळी मासे धरीत, भंडारी ताडी काढीत. वाळू ही त्यांची कामाची जागा. करमणुकीसाठी तेथे कोण जाणार? पुढे जमशेटजी टाटा यांनी येथे जमीन घेतली. समुद्रकाठी एक विश्रामस्थान वसवावे असा त्यांचा बेत होता. परंतु 1904 साली त्यांचे निधन झाले आणि तो बेत तसाच राहिला. 1924 साली शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूस येऊन राहिले. विश्रांती ती कसली! मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास त्यांच्याशी खल करण्यासाठी येथेच आले.

किनाऱ्यामागील सपाट जमिनीचा उपयोग मात्र कोणाच्या स्वप्नातही नसेल असा झाला. 1928 साली तेथे विमानतळ सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे लहानसे विमान स्वतः चालवीत कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादेस थांबले आणि टपालाच्या थैल्या घेऊन जुहूस उतरले. टाटांच्या विमान-टपाल सेवेची ती सुरुवात होय. परंतु पावसाळा येताच ही जमीन चिखलात बुडे, आणि विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. 1948 मध्ये मोठी विमाने सांताक्रूझला गेली. जुहूस आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात.

किनारा फिरावयास येणाऱ्यांचा झाला. गणेशविसर्जनास येथे लाखोंचा समुदाय लोटतो. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर परत आलेले मूर्तींचे अवशेष आणि निर्माल्य उचलण्यासाठी सफाई कामगारांबरोबर शाळा-कॉलेजांतील मुलेही वाळूत उतरतात. त्यांची टोपली भरते न भरते तोच पुढची लाट आणखी काही आणून टाकते.

जुहूचा कोळीवाडा अजूनही तेथेच आहे.