जुन्या मोटारीचें दुखणें

प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती, ती संपली. परंतु खाजगी पद्मिनी अद्यापि कित्येक घरांच्या आवारांत उभ्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी वडिलांनीं घेतलेली असते; ती विकण्यास मन होत नाहीं, आणि चालू ठेवावी तर वरचेवर अडून बसते. मिस्त्री येतो, बॉनेट उघडून पाहतो आणि "एंजिन उतरवावें लागेल" असें सांगून जातो. कधीं तें खरेंहि असतें. पण होकार देण्यापूर्वीं घरच्या माणसानें अर्धा तास खर्च केला, तर हजारों रुपयांचा प्रश्न पुष्कळदां एका प्लगावर येऊन मिटतो.

पद्मिनीचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. त्यांत संगणक नाहीं, म्हणून लपवालपवीहि नाहीं. त्याला तीन गोष्टी लागतात: वेळेवर पडणारी ठिणगी, हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, आणि सिलिंडरांत टिकणारा दाब. चौकशी याच क्रमानें करावी, आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. प्लग, पॉइंट व कार्ब्युरेटर एकदम बदलले म्हणजे गाडी कदाचित् चालूं लागेल; परंतु दोष कशांत होता तें कळणार नाहीं, आणि महिन्यानें तो परत आला कीं आपण पुन्हां आरंभाशीं येतों.

समजा, गाडी धक्के खात चालते. मिस्त्री ज्याला "मिसिंग" म्हणतात तें हें. अशा वेळीं चारांपैकीं आजारी सिलिंडर कोणता तें आधीं शोधावें. एंजिन बंद ठेवून एका प्लगची तार काढावी, ती एका जादा प्लगला जोडावी, आणि तो प्लग एंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवावा. मग एंजिन सुरू करून, तारेला हात न लावतां, कान द्यावा. निरोगी सिलिंडर असा बंद केला म्हणजे एंजिन लगेच लंगडूं लागतें. ज्याची तार काढूनहि आवाजांत फरक पडत नाहीं, तोच आजारी. आतां त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत घालावा. दोष प्लगाबरोबर शेजारीं गेला तर प्लगच अपराधी. जागचा हलला नाहीं तर तार बदलून पाहावी. तरीहि तेथेंच राहिला तर दाबाची शंका घ्यावी. या परीक्षेला एक पाना व एक जादा प्लग एवढेंच भांडवल लागतें. मात्र ती उघड्या आवारांत करावी. बंद गॅरेजांत एंजिन चालवणें म्हणजे जिवाशीं खेळ; धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी मुळींच सुरू होत नसेल तर ठिणगीचा रंग पाहावा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळसर व मरगळलेली असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे, म्हणजे मिस्त्रींच्या बोलींतल्या "डेल्को"चे, पॉइंट तपासावे. नवे पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर संशयित ठरतो. आपल्याकडे पावसाळ्यांत याच झांकणाच्या आंत ओल धरते. कोरड्या फडक्यानें पुसल्यावर गाडी मुकाट्यानें सुरू झालेली पुष्कळांनीं पाहिली असेल.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळावें. उन्हाळ्यांत खंडाळ्याचा घाट चढतांना गाडी बंद पडते आणि घटकाभर विसांव्यानें पुन्हां चालते, तेव्हां पंपांत पेट्रोलची वाफ झालेली असण्याचा संभव असतो. पण तापलेली कॉइलहि असेंच करते. फरक ओळखावयाचा तर गाडी बंद पडलेली असतांनाच ठिणगी पाहावी. ती आहे तर पेट्रोल अडलें. नाहीं तर कॉइल. अलीकडे आणखी एक कारण वाढलें आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळूं लागलें. जुन्या गाडीचे रबरी पाइप व पंपाचा पडदा त्यासाठीं घडलेले नाहींत. ते फुगतात, भेगाळतात. पेट्रोलचा वास येऊं लागला कीं एंजिन सुरू न करतां प्रथम पाइप पाहावे. येथें दिरंगाई म्हणजे आगीला आमंत्रण.

राहिला दाब. त्याची बातमी धूर देतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. बहुधा चोक अडकलेला असतो. निळा म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंडींतल्या सकाळीं थोडा वेळ निघाला तर ती नुसती वाफ. पण एंजिन तापल्यावरहि तो थांबत नसेल, रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, किंवा ऑइलची पट्टी दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलें असें समजावें. रेडिएटरचें झांकण मात्र गरम असतां कधींहि उघडूं नये. दाब मोजण्याचें मीटर मिळालें तर कमी दाबाच्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल घालून पुन्हां मोजावें: दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. असें असेल तर मिस्त्रीचें म्हणणें बरोबर होतें, आणि आतां त्याच्याशीं नेमकें काय उघडावयाचें तें बोलतां येईल.

एका ठिकाणीं मात्र घरगुती चौकशी नको. एंजिन चालू असतां ऑइलचा तांबडा दिवा लागला, किंवा तळांतून जड ठोके ऐकूं आले, तर किल्ली तत्क्षणीं बंद करावी. ऑइल भरूनहि दिवा विझत नसेल तर एंजिन पुन्हां सुरू करून पाहूं नये; गाडी ओढूनच न्यावी.