स्टुडबेकरची गोष्ट – ११ : बापाला सोळा आणे, लेकाला अडीच

लार्क या छोट्या गाडीने कंपनीला दोन वर्षं तारलं आणि मग फाल्कन, कॉर्व्हेअर, व्हॅलियंट या प्रतिस्पर्ध्यांच्या तिघींनी मिळून लार्कला कसं बाजूला सारलं, इथवर आपण आलो होतो. या आठवड्यात कंपनीचा नवा अध्यक्ष शेरवूड एगबर्ट आणि त्याची अवांती ही गाडी यायची होती. ती थोडी थांबेल. एक पत्र मात्र थांबू देत नाहीये.

पत्र कोल्हापूरचं, बँकेतून निवृत्त झालेल्या एका वाचकांचं. इंडियानातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं कंपनीने ९ डिसेंबर १९६३ ला जाहीर केलं, हे मी अगदी पहिल्या भागात जाता जाता लिहिलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं आणि विचारलं: गाड्यांचं काय झालं ते तुम्ही सांगालच, पण कामगारांच्या पेन्शनीचं काय झालं?

हिशेबी माणसाचा प्रश्न. स्टुडबेकरवरच्या देखण्या सचित्र पुस्तकांत १९५० च्या बुलेट नोज मॉडेलवर पानंच्या पानं मिळतील, पेन्शनीला एखादा परिच्छेद मिळाला तरी नशीब. मला विचाराल तर शंभरावर वर्षं छकडे, ट्रक आणि मोटारी बनवणाऱ्या या कंपनीची आज अमेरिकेतल्या सर्वसामान्य माणसाशी जी काही गाठ उरली आहे, ती या पेन्शनीमुळेच. म्हणून हा अख्खा भाग त्यावर.

सुरुवात जाहिरातींपासून करू. जुन्या अमेरिकन साप्ताहिकांतून कापलेल्या जाहिरातींची एक फाइल मी बाळगून आहे. तिच्यात स्टुडबेकरच्या पानांवर एक जोडी सारखी भेटते: बाप आणि लेक, दोघेही त्याच कारखान्यातले कारागीर. बापाच्या अंगावर कामाचे कपडे, केस पिकलेले, हातात एखादं मोजमापाचं हत्यार. लेक त्याच्या खांद्याला खांदा लावून, दोघं एकाच यंत्रावर वाकलेले. खाली मजकूर असा, की आमच्याकडे कारागिरी बापाकडून लेकाकडे जाते, गाडी घेताना तुम्ही या दोघांचा हात विकत घेता. महायुद्धात कारखाना फ्लाइंग फोर्ट्रेस विमानांची राइट सायक्लोन इंजिनं बनवू लागला, तेव्हाही जोडी तीच. फक्त मागे गाडीऐवजी विमान आलं. जाहिरात असली तरी थाप नव्हती. साउथ बेंडमध्ये एकाच घरातल्या दोन-दोन पिढ्या खरंच तिथे कामाला होत्या. डेट्रॉइटच्या तिघा बड्यांपेक्षा पगार बरा, युनियनशी संबंध गोडीचे, आणि युनायटेड ऑटो वर्कर्सची तिथली शाखा, लोकल ५, त्या संघटनेतल्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक.

ही गोडी फुकट मिळत नव्हती. तिची किंमत कुठून काढायची, हा खरा पेच होता.

१९५० साली अमेरिकन मोटारधंद्यात पेन्शनीचं वारं सुटलं होतं. त्याच वर्षी क्रायस्लरमध्ये १०४ दिवसांचा संप झाला, आणि तो पेन्शन किती द्यायची यापेक्षा तिचे पैसे कुठे ठेवायचे यावर जास्त अडला होता. कंपनी म्हणे, आम्ही देऊ, विश्वास ठेवा. युनियन म्हणे, विश्वास नको, आत्तापासून वेगळ्या फंडात टाका. युनियन जिंकली. स्टुडबेकरमध्येही त्याच वर्षी पेन्शनचा करार झाला आणि फंडही उभा राहिला. मग अडचण कुठे आली?

अडचण मागच्या नोकरीची. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडात ज्याचे पैसे त्याच्या नावावर महिन्याच्या महिन्याला जमा होतात. जेवढे जमा, तेवढेच देणं. स्टुडबेकरची पेन्शन तशी नव्हती. तिथे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दरमहा अमुक डॉलर, असा हक्क होता. हिशेब सोपा जावा म्हणून धरा दीड डॉलर. करार झाला त्या दिवशी ज्याची वीस वर्षं भरली होती, त्याला सहीसरशी महिना तीस डॉलरचा हक्क मिळाला. त्या वीस वर्षांपोटी फंडात मात्र छदामही नव्हता. ती तूट कंपनीने तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने भरून काढायची, असं ठरलं. तशी पद्धतच होती; सगळी भरपाई एकदम मागितली असती तर एकही कंपनी पेन्शनला राजी झाली नसती.

आता पुढची पायरी. काही वर्षांनी नवा करार होतो, युनियन दीडाचे दोन डॉलर करून घेते. हे दोन डॉलर मागच्या वीस वर्षांनाही लागू. म्हणजे त्या जुन्या वीस वर्षांपोटी तिसाचे चाळीस झाले आणि वरच्या दहांची तूट नव्याने उभी राहिली. पहिली तूट भरण्याआधीच दुसरी तयार, तिच्या मागून तिसरी. पन्नाशीच्या दशकात आणि साठीच्या तोंडाशी असे वाढीव करार एकामागून एक झाले. आणि ते दोन्ही बाजूंना सोयीचे होते, ही खरी गोम. गल्ल्यात नगद नसलेल्या कंपनीला पगारवाढीपेक्षा पेन्शनवाढ स्वस्त पडे, कारण बोजा पुढच्या तीस वर्षांवर पसरे. युनियनच्या पुढाऱ्यांना सभासदांपुढे दाखवायला काहीतरी मिळे. ऑगस्ट १९५४ मध्ये याच कामगारांनी मतदान करून स्वतःचा पगार कमी करून घेतला होता, हे विसरू नका. हातातलं सोडलं होतं. निदान पुढचं तरी राखून ठेवावं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

नियमित वाचकांना इथे कंपनीचा जुना अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन आठवला असेल. मंदीत नफा आटला तरी लाभांश वाटत राहणारा, आणि कंपनी रिसीव्हरच्या हाती गेल्यावर १९३३ साली स्वतःचा जीव घेणारा. त्याने भागधारकांना खूश ठेवायला उद्याचा पैसा आज वाटला. त्याच्यानंतर आलेल्यांनी कामगारांना खूश ठेवायला आजचं देणं उद्यावर ढकललं. पहिल्याला सगळेच नावं ठेवतात. दुसऱ्याला कुणी ठेवत नाही, कारण त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझ्या लेखी दोन्हींचा वळसा एकाच ठिकाणी येतो.

तीस वर्षं कारखाना चालला असता तर सगळं जमलंही असतं. तो करारानंतर तेरा वर्षं चालला. २० डिसेंबर १९६३ ला शेवटची गाडी, एक लाल डेटोना, साउथ बेंडच्या लाइनवरून उतरली, आणि पुढच्या वर्षी पेन्शन योजना गुंडाळण्यात आली.

फंडात जे होतं ते वाटायचं, पण कसं? क्रम करारातच ठरलेला होता. आधी निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले. असे सुमारे ३,६०० जण. त्यांना पूर्ण पेन्शन मिळाली, सोळा आणे. फंडातली बहुतेक रक्कम तिथेच संपली. मग चाळीस ते एकोणसाठ वयाचे, ज्यांची किमान दहा वर्षं नोकरी झाल्यामुळे हक्क पक्का झाला होता. हे सुमारे ४,००० जण. त्यांना हक्काच्या जेमतेम १५ टक्के, तेही एकरकमी. सरासरी काढली तर माणशी ६०० डॉलरच्या आसपास. सगळ्यात स्वस्त स्टुडबेकर त्या वर्षी दोन हजार डॉलरच्या घरात होती, म्हणजे स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीची तिसरा हिस्सा किंमतही नव्हे. राहिलेले सुमारे २,९०० जण तरुण तरी होते किंवा नोकरीत नवे तरी; त्यांना काही नाही.

त्या मधल्या चार हजारांचं सरासरी वय ५२ होतं, सरासरी नोकरी २३ वर्षं. या आकड्यांपाशी जरा थांबा. समजा एकाच बाकावर काम करणारे दोघे. एकाची साठी ऑक्टोबरमध्ये उलटली, दुसरा एकोणसाठचा, आणि नोकरी पहिल्यापेक्षाही जुनी, चाळीस वर्षांची. पहिल्याला मरेपर्यंत दरमहा चेक. दुसऱ्याला एकदाच काही शे डॉलर आणि रामराम. आता जाहिरातीतल्या त्या जोडीकडे पुन्हा बघा. बाप सत्तरीचा, लेक पन्नाशीचा. फंड एकच होता, त्यात कुणाच्या नावाची वेगळी थैली नव्हती. लेक कामावर असतानाच्या वर्षांत कंपनीने जे भरलं, त्यातूनच बापाची पेन्शन पुरी झाली. बापाने लेकाचे पैसे खाल्ले असं कोण म्हणेल? पण हिशेबाच्या वहीत तसंच दिसतं, आणि साउथ बेंडच्या घराघरांत रविवारी जेवणाच्या टेबलाशी हे दोघे समोरासमोर बसत होते.

युनियन झोपली होती का, हा पुढचा प्रश्न येणार. झोपली नव्हती. युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांच्या कचेरीतल्या पेन्शनच्या जाणकारांना हा धोका कारखाना बंद पडायच्या आधीच दिसला होता आणि बँकेतल्या ठेवींना असतो तसा सरकारी विमा पेन्शनलाही हवा, अशी कल्पना त्यांनी मांडायला घेतली होती. साठीच्यांना पूर्ण आणि बाकीच्यांना उरलंसुरलं, या क्रमालाही त्यांची संमती होती. म्हाताऱ्याला दुसरी नोकरी मिळत नाही, पन्नाशीच्याला मिळेल, असा तो विचार.

पन्नाशीच्याला मिळत नव्हती. काही जणांना ट्रकचा कारखाना विकत घेणाऱ्या कायझर जीपने सामावून घेतलं. सैन्याचे ट्रक तिथे बनत राहिले, आणि त्याच कंपनीच्या वंशातून पुढे एएम जनरल आणि हमर आली. उरलेल्या वयस्क कामगारांसाठी केंद्र सरकारच्या पैशांतून ‘प्रोजेक्ट एबल’ नावाचा खास उपक्रम काढावा लागला. त्याचं कामच मुळी पन्नाशी उलटलेल्यांना नोकऱ्या शोधून देण्याचं होतं. असा उपक्रम लागावा, यातच उत्तर आलं.

आता या साऱ्यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. स्टुडबेकर कॉर्पोरेशन बुडालीच नव्हती. मोटारी तिने लगेच सोडल्या नाहीत; कॅनडात हॅमिल्टनला मार्च १९६६ पर्यंत त्या बनत होत्या. शिवाय तोवर कंपनीने इंजिन ऑइलमध्ये घालायचं एसटीपी, ओनानचे जनरेटर, ग्रेव्हलीचे बागकामाचे ट्रॅक्टर असे धंदे पदरात पाडून घेतले होते, आणि त्यांत पैसा होता. मोटारीच्या तोट्यातून सुटका झाल्यावर तर कंपनीची तब्येत सुधारली. १९६७ साली वर्थिंग्टनशी विलीन होऊन ती स्टुडबेकर-वर्थिंग्टन झाली. मग या पैशातून चार हजार माणसांचं देणं का दिलं गेलं नाही? कारण करारात ते देणं फंडापुरतंच होतं. फंड संपला की जबाबदारी संपली. कायद्याने कंपनीचं बोट कुठेच सापडत नव्हतं. दिवाळखोराकडून पैसे बुडाले तर माणूस नशिबाला दोष देतो. चालत्या धंद्याकडून बुडाले की राग धरतो. साउथ बेंडमध्ये तो राग होता.

इंडियानाचे सिनेटर व्हॅन्स हार्टके यांनी १९६४ मध्येच पेन्शन विम्याचं विधेयक आणलं. ते पडून राहिलं. इथे एक सावधगिरी: स्टुडबेकर बंद पडली आणि म्हणून कायदा झाला, असं एका वाक्यात सांगायची पद्धत आहे. मधे दहा वर्षं गेली, आणि उद्योगपतींचा विरोध कडवा होता. सिनेटर जेकब जॅव्हिट्स चिवटपणे मागे लागले, १९७२ साली एनबीसीने बुडालेल्या पेन्शनींवर एक तासाचा माहितीपट दाखवला, लोकांची पत्रं खासदारांकडे जाऊ लागली, तेव्हा कुठे गाडं हललं. पण या दहा वर्षांत ज्याला ज्याला पेन्शनीवर बोलायचं होतं, त्याच्या तोंडी उदाहरण साउथ बेंडचं असे.

२ सप्टेंबर १९७४, अमेरिकेचा कामगार दिन. त्या दिवशी ‘एरिसा’ कायद्यावर सही झाली. किती वर्षांत हक्क पक्का व्हायला हवा, फंडात किती वेगाने पैसे भरायला हवेत, याचे नियम आले. आणि कंपन्यांकडून हप्ता घेऊन बुडालेल्या योजनांची पेन्शन ठरावीक मर्यादेपर्यंत देणारं सरकारी विमा महामंडळही आलं. ते आजही चालू आहे. कायदा मागच्या तारखेपासून नव्हता, त्यामुळे स्टुडबेकरच्या त्या चार हजारांना त्यातून काही मिळालं नाही.

सही करणारे अध्यक्ष होते जेराल्ड फोर्ड. त्यांचा मोटारवाल्या फोर्ड घराण्याशी काही संबंध नाही. त्यांचं आडनाव सावत्र वडिलांचं, आणि त्या वडिलांचा ग्रँड रॅपिड्सला रंगाचा धंदा होता. याबद्दल पत्रं येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.