मधमाशीचे वजन आणि तिच्या आतड्यातील जिवाणू

प्राण्याच्या अंगी चरबी किती साठावी, हे त्याने खाल्लेल्या अन्नावरच ठरते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. या समजाला मोठा तडा गेला तो 2004 मध्ये. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने पूर्णतः जिवाणूरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जिवाणू सोडले. त्यानंतर अवघ्या 14 दिवसांत उंदरांच्या शरीरातील चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढली. विशेष म्हणजे या काळात उंदरांनी पूर्वीपेक्षा कमी अन्न खाल्ले होते. जिवाणूंनी अन्नातून अधिक ऊर्जा मिळवून दिली आणि ती चरबीच्या रूपाने साठवण्याचा कल शरीरात निर्माण केला, असा या प्रयोगाचा अर्थ होता.

शेतीक्षेत्राला या संबंधाची चाहूल त्याआधीच लागली होती. कोंबड्यांच्या खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळल्यास त्यांची वाढ जलद होते, असे 1940 च्या दशकाअखेरीस दिसून आले आणि ही पद्धत जगभर पसरली. आतड्यातील जिवाणूंचा समतोल बदलला की शरीराची वाढही बदलते, हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. या पद्धतीमुळे औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढू लागल्याने युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली. भारतानेही 2019 मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली.

मधमाशी : अभ्यासासाठी सोयीचा जीव

माणसाच्या आतड्यात जिवाणूंच्या शेकडो प्रजाती असतात; त्यामुळे कोणता जिवाणू नेमके काय करतो, हे उलगडणे कठीण जाते. कामकरी मधमाशीच्या आतड्यात मात्र मुख्यत्वे पाचच जिवाणू-गट आढळतात. स्नॉडग्रासेला, गिलियामेला, बायफिडोबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलस कुलातील दोन गट ही त्यांची नावे. जगभरातील युरोपीय मधमाश्यांमध्ये हेच गट आढळतात आणि भारतीय सातेरी मधमाशीतही त्यांचे निकटचे भाऊबंद वास करतात.

कोषातून बाहेर पडणाऱ्या माशीचे आतडे जवळजवळ जिवाणूरहित असते. पोळ्यातील इतर माश्यांच्या सहवासातून, त्यांच्या विष्ठेच्या सूक्ष्म अंशांतून आणि पोळ्याच्या पृष्ठभागावरून पहिल्या चार ते सहा दिवसांत हे जिवाणू तिच्या आतड्यात वस्ती करतात. त्यांतील बहुसंख्य आतड्याच्या मागील भागात राहतात.

तेथे त्यांच्यात कामाची वाटणी झालेली असते. स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो व तेथील प्राणवायू वापरून टाकतो. त्यामुळे प्राणवायूविना जगणाऱ्या इतर जिवाणूंना अनुकूल वातावरण मिळते. गिलियामेला परागकणांच्या भिंतीतील पेक्टिनचे विघटन करतो. अमृतरसातील काही शर्करा मधमाशीला अपायकारक असतात. गिलियामेलाचे अनेक वाण त्यांचेही पचन करतात. लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टेरियम हे आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात परागातील कठीण घटक आंबवतात.

वजनाचा प्रयोग

टेक्सास विद्यापीठात नॅन्सी मोरान यांच्या गटाने 2017 मध्ये या जिवाणूंचा माशीच्या वजनावरील परिणाम तपासला. एका गटातील माश्या जिवाणूरहित ठेवल्या. दुसऱ्या गटाला पोळ्यातील माश्यांचे जिवाणू दिले. दोन्ही गटांचा आहार सारखाच होता: निर्जंतुक केलेला पराग आणि साखरेचा पाक. जिवाणू लाभलेल्या माश्यांचे वजन अधिक भरले.

याची कारणे दोन पातळ्यांवर दिसली. पहिली पचनाची. जिवाणू पराग आंबवून मुख्यतः अॅसिटिक आम्ल व त्यासारखी लहान मेदाम्ले तयार करतात आणि ती माशीला ऊर्जा पुरवतात. दुसरी पातळी संप्रेरकांची. जिवाणूयुक्त माश्यांत इन्सुलिनसदृश संदेशवहनाशी आणि व्हायटेलोजेनिन या प्रथिनाशी निगडित जनुकांचे कार्य बदललेले आढळले. या माश्या साखरेच्या चवीलाही अधिक तत्परतेने प्रतिसाद देत होत्या. म्हणजेच त्यांची भूकही वाढली होती.

मधमाशीपालकाच्या दृष्टीने व्हायटेलोजेनिन महत्त्वाचे आहे. हे प्रथिन माशीच्या उदरातील मेदपिंडात तयार होते. मेदपिंड म्हणजे माशीचे यकृत आणि चरबीचे कोठार एकाच ठिकाणी. दाई माश्या अळ्यांना जे प्रथिनयुक्त खाद्य भरवतात, त्याचा आधार हाच साठा असतो. व्हायटेलोजेनिन घटले की माशी अकाली पोळ्याबाहेरच्या कामाला लागते आणि तिचे आयुष्य कमी होते. माणसात वाढलेली चरबी चिंतेचा विषय ठरते. मधमाशीत मात्र भरलेले मेदपिंड हे वसाहतीच्या सामर्थ्याचे लक्षण आहे.

जिवाणूंमुळे चरबी नेहमीच वाढते, असेही नाही. फळमाशीत नेमके उलट दिसते. जिवाणूरहित फळमाश्यांच्या अंगी चरबी अधिक साठते आणि अॅसिटोबॅक्टर जिवाणू मिळाल्यावर ती कमी होते. 2011 मध्ये दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी दाखवले, की या जिवाणूच्या अॅसिटिक आम्लनिर्मितीशी निगडित एक जनुक निकामी केले, तर फळमाशीच्या अळीची वाढ खुंटते आणि तिच्या शरीरातील शर्करा व चरबी वाढते. आहारातून अॅसिटिक आम्ल पुरवले की हे दोष बऱ्याच अंशी भरून निघतात. यजमान प्राणी, त्याचा आहार आणि जिवाणूंचा प्रकार या तिन्हींच्या मेळावर चयापचयाची दिशा ठरते. म्हणूनच एका प्राण्यात हितकर ठरलेले जिवाणूयुक्त मिश्रण दुसऱ्यातही हितकरच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

प्रतिजैविकांचा फटका

युरोपियन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगावर ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरले जाते. अनेकदा मात्र रोग नसतानाही, टंचाईच्या काळातील साखरेच्या पाकातून ते ‘खबरदारी’ म्हणून दिले जाते. मोरान यांच्याच गटाने 2017 मध्ये माश्यांना पाच दिवस टेट्रासायक्लिन देऊन पुन्हा पोळ्यात सोडले. त्यांच्या आतड्यातील जिवाणू लक्षणीय घटले आणि औषध न दिलेल्या माश्यांच्या तुलनेत त्यांच्यापैकी कमी माश्या जगल्या. सेराशिया या संधिसाधू रोगजंतूलाही त्या लवकर बळी पडल्या. 2018 मधील अभ्यासात ग्लायफोसेट या तणनाशकामुळे स्नॉडग्रासेला घटतो, असे आढळले. कारण या तणनाशकाचे लक्ष्य असलेली जैवरासायनिक साखळी वनस्पतींप्रमाणेच अनेक जिवाणूंतही असते.

नुकसान वसाहतीपुरतेच मर्यादित राहत नाही. मधातील प्रतिजैविकांचे अवशेष विक्रीत आणि निर्यातीत अडथळा ठरतात. 2010 मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात काही काळ थांबवली होती, त्यामागे अवशेषांच्या नियंत्रणाचा प्रश्न होता.

मधपेटीजवळ काय करावे?

• रोगाचे निदान झाल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नये. सातेरी माश्यांतील थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग आहे. त्यावर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही.

• युरोपियन फाउलब्रूडची लक्षणे दिसल्यास प्रथम बाधित फ्रेम काढणे, वसाहत स्वच्छ पेटीत हलवणे, राणी बदलणे आणि उपकरणे निर्जंतुक करणे, या उपायांवर भर द्यावा. औषधाचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

• केवळ साखरेच्या पाकावर वसाहत तगते, पण आतड्यातील जिवाणूंचे खाद्य परागातून येते. पावसाळ्यात व इतर टंचाईच्या काळात पेट्या परागयुक्त फुलोऱ्याजवळ ठेवाव्यात. बांधावर शेवगा, तूर, तीळ, सूर्यफूल यांसारखी वेगवेगळ्या काळात फुलणारी झाडे व पिके असावीत.

• वसाहतीचे विभाजन करताना कोषांच्या फ्रेमसोबत प्रौढ दाई माश्याही पुरेशा संख्येने द्याव्यात. नव्या माश्यांना जिवाणूंचा वारसा त्यांच्याकडूनच मिळतो.

• फुलोऱ्यावर आलेल्या तणांवर तणनाशक फवारू नये. फवारणी अपरिहार्य असल्यास ती माश्यांचा वावर थांबल्यानंतर सायंकाळी करावी आणि शेजारच्या मधपाळांना आधी कळवावे.

प्रसार कार्यकर्त्यांनी मधपेटीच्या तपासणीत अंडी, अळ्या आणि मधासोबत परागाचा साठा, तसेच वर्षभरात दिलेल्या औषधांची नोंदही तपासावी. पुढील हंगामातील दाई माश्या किती सशक्त निपजतील, याचा अंदाज या दोन नोंदींवरून बांधता येतो.