आधी बैठक, मग आरसा

नारायणगाव-मंचर भागातले शिक्षक, कॉलेजची मुलं मला विचारतात, "सर, दहा इंची दुर्बीण घ्यावी की बारा?" मी विचारतो, "ठेवणार कशावर?" शाळेच्या मैदानावर मुलांना आकाश दाखवताना हे वारंवार दिसतं: आरसा उत्तम, पण स्टँड लेचापेचा, मग शनीची कडी काही नीट दिसत नाहीत. प्रतिमा २०० पट मोठी होते तेव्हा थरथरही तेवढीच मोठी होते.

घेण्याआधी एक परीक्षा कराच. गुरू दिसत असताना नळीला टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिरावलं तर ठीक; पाच सेकंद थरथरत राहिलं तर तो स्टँड घेऊ नका.

बैठकीचा, म्हणजे माउंटचा, पहिला प्रकार विषुववृत्तीय. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो, त्यामुळे एकाच मोटरने तारा धरून ठेवता येतो. पण जुन्नर-आंबेगाव साधारण १९ अंश अक्षांशावर. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. अक्ष इतका आडवा झाला की नळीचं वजन तिपाईच्या मध्यापासून बाहेर झुकतं, प्रतिभाराचा दांडा पायाला अडू शकतो. माउंटचा अक्ष १९ अंशांपर्यंत खाली येतो का, हे दुकानदाराला विचाराच.

दुसऱ्या प्रकारात दुर्बीण नुसती वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. आपल्या तालुक्यांतल्या मोठ्या दुर्बिणी अशाच आहेत. गिरवलीची, पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. वजन सरळ खाली उतरतं, दोन्ही अक्षांचा मेळ संगणक घालतो. डिश तारेच्या जाळीच्या केल्या, कारण वारा आरपार जावा. आपल्या बारा इंची बंद नळीला ती सोय नाही, म्हणून बैठक बुटकी आणि रुंद हवी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांनी हीच रचना प्लायवूडच्या खोक्यात बसवली. २०० पटीला ग्रह जेमतेम मिनिटभरात नजरेआड होतो, हाताने सारखं ढकलावं लागतं. ते ढकलणं लोण्यासारखं मऊ हवं. सनमाईकावर टेफ्लॉनचे तुकडे हे काम चोख करतात: सुटताना झटका बसत नाही, सोडल्यावर नळी जिथल्या तिथे राहते. तळातले टेफ्लॉनचे तीन तुकडे बरोबर तीन पायांच्या वर बसवा, म्हणजे फळी दबणार नाही. प्लाय १८ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा घ्या. पार्टिकल बोर्ड आपल्या पावसाळ्यात फुगतो.

फोटोच काढायचे असतील तर भक्कम विषुववृत्तीय माउंट घ्या आणि सांगितलेल्या क्षमतेच्या निम्मंच वजन त्यावर चढवा. मुलांना आकाश दाखवायचं असेल तर डॉब्सनची बैठक गावातला सुतारही करून देईल. ती गच्चीवर ठेवू नका. कुणी चाललं तरी स्लॅब हादरतो. जमिनीवर ठेवा. आणि विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनाला जाल तेव्हा डिशच्या खाली ती पेलणारा काँक्रीटचा मनोराही मुलांना दाखवा.